ओट्याकडे तोंड केलेला कूलर

आमच्या शेजारच्या वासूकाका ढोबळ्यांच्या कूलरचं तोंड घराबाहेर आहे. चुकून नाही. चांगला स्टँडवर चढवून, तारेनं बांधून बाहेर केलेलं आहे. अख्खं नागपूर उन्हाळ्यात खिडकीबाहेर कूलर लावून घरात हवा घेतं आणि हा गृहस्थ घरात कूलर ठेवून खिडकीतून ओट्याला हवा देतो. स्वतः आत डोक्यावर ओला पंचा टाकून घामानं निथळत बसतो.

"काका, कूलर उलटा बसला तुमचा," मी राहायला आलो त्याच वर्षी सांगितलं होतं. मी शाळामास्तर. कुणाची चूक दिसली की माझा हात लाल पेनाकडे जातो.

"सुलटाच आहे मास्तर," काका म्हणाले. "ज्याले हवा पाहिजे, त्याच्याकडे तोंड आहे."

बरं, माणूस अडाणी म्हणावा तर तसंही नाही. धरमपेठेच्या मागच्या आमच्या गल्लीत घर थंड ठेवण्याच्या बाबतीत काकांचा शब्द शेवटचा. सरकारी कचेरीत जमिनीचे नकाशे सांभाळून निवृत्त झालेला, लग्न न केलेला हा गडी मार्च लागला की घरोघर फिरतो. गच्चीला चुना मारला का? पश्चिमेच्या खिडकीला ओलं पोतं टांगलं का? कूलरच्या ताट्यांत वाळा भरला, की कुण्या दुकानदारानं लाकडाचा भुसा गळ्यात मारला? आमच्या बंद खोलीत कूलर घरघरताना पाहून तर ते कपाळावर हात मारत. "खिडकी उघडा ना बाप्पा! हवेले जायले वाट नाही ठेवली, तं ते येईन काहून?"

ते ऐकून मी खिडकी उघडली आणि खरंच खोली गार झाली. तेव्हापासून काकांना वेडा म्हणायची माझी सोय राहिली नाही.

पण दुपारी दोन वाजले की त्यांचं काहीतरी बिनसे. नवतपातल्या, म्हणजे मे अखेरच्या त्या नऊ जाळत्या दिवसांतल्या, दोन वाजता आमची गल्ली कशी असते, ते बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. माणूस नाही, गाडी नाही, कावळासुद्धा नाही. डांबर मऊ झालेलं आणि उजेड इतका पांढरा, की समोरचं फाटकही नीट दिसू नये. त्या वेळी काका ओट्याच्या उजव्या कोपऱ्यात पन्ह्याचा पेला ठेवत, दार आतून लावत आणि दाराला पाठ टेकवून खुर्चीवर बसत. चार वाजेपर्यंत हलायचं नाव नाही.

चारला दार उघडलं की पेला रिकामा असे.

"उन्हानं आटलं असेल," मी माझ्या बायकोला, नलूला म्हटलं.

"पन्हं आटतं, आणि तळाचा गूळही आटतो वाटतं?" नलू म्हणाली. "आणि ती कुत्री पाहिलीत का?"

पाहिली होती. गार हवेला गल्लीतली चार कुत्री ओट्यावर येऊन पसरत. पण सगळी डावीकडे, एकमेकांच्या अंगावर, दाटीवाटीनं. हवेचा खरा झोत उजव्या कोपऱ्यात यायचा. तिथे एकही जात नसे. मी एकदा पोळीचा तुकडा मुद्दाम त्या कोपऱ्यात टाकला. एक कुत्रं उठलं, दोन पावलं गेलं, त्या रिकाम्या जागेकडे बघत शेपूट हलवलं आणि परत येऊन बसलं. ओळखीच्या माणसाकडे बघून हलवतात ना, तसं. पुन्हा काही मी तो प्रयोग केला नाही.

यंदा काकांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. तपासणीला धंतोलीतल्या दवाखान्यात बोलावलं, ते नेमकं दुपारी अडीचला. काकांनी वेळ बदलून मिळते का पाहिलं, मिळाली नाही. सकाळीच ते आमच्याकडे आले. डोळ्यावर हिरवी पट्टी, हातात घराची किल्ली.

"मास्तर, आज दोन ते चार माझ्या घरी बसता काय? दाराले पाठ लावून. कडी वाजली की लगेच उघडा. दुसऱ्यांदा वाजू देऊ नका."

"कोण येणार आहे?"

काकांनी डोळ्यावरची पट्टी चाचपली.

"माझा लहान भाऊ. नामा," ते म्हणाले. "पारशिवनीकडं शेती होती आमची, तोच पाहे. अशाच दिवसात कैऱ्यांचं पोतं घेऊन आला. भरदुपारी. बेल त्यानं जन्मात नाही दाबली, कडी वाजवे. आन् मी आत कूलरपुढं झोपून राहिलो होतो. तेव्हा कूलरचं तोंड घरात होतं ना. त्या आवाजात मले काय ऐकू येते, कप्पाळ! शेजारी जाऊन बसला असता. पण नाही. दादा झोपला, उठीन थोड्या वेळानं, म्हणून बसून राहिला दाराले टेकून. चारले मी दार उघडलं, तं तो आत पडला, माझ्या पायावर."

धंतोलीत नेईपर्यंत संपलं होतं. घरी उरलं ते कैऱ्यांचं पोतं.

मग मास्तरकीच्या सवयीनं नको ते बोललो, "मग दार उघडंच ठेवा ना काका."

"पहिल्या वर्षी ठेवलं होतं. नाही आला. कडी वाजवल्याबिगर घरात शिरणारा नाही तो. आवाज नाही आला तरी चालते मास्तर, पाठीले कळते."

दोनला मी बसलो. पेला ठेवला, कूलर लावला, डोक्यावर ओला पंचा घेतला, दार लावून पाठ टेकवली. घरात भट्टी. कूलरची घरघर, आणि बाहेर वाळ्याचा वास वाया चाललेला. मी स्वतःवर चिडलो होतो. शिकलासवरला माणूस, आणि बसलोय कुणाची वाट बघत? तीन वाजले. पंचा वाळला. डोळा लागला असेल, नसेल.

आणि पाठीला कळलं.

आवाज नव्हता. लाकडातून मणक्यात आलेला हलका ठोका. एक, दोन, तीन. मग थांबलं.

मी उठलो नाही. खरं सांगतो, घाबरलो. खुर्चीचे हात धरून बसलो. पुन्हा एक, दोन, तीन. पहिल्यापेक्षा हळू. मग दारावर कुणीतरी सावकाश पाठ टेकवल्यासारखं वजन आलं, अगदी माझ्या पाठीच्या पलीकडे. फळी किंचित आत दबली.

तेव्हा कुठे मी खुर्ची ढकलून दार उघडलं. कोणी नव्हतं. कुत्री डावीकडे उभी राहून गल्लीच्या टोकाकडे बघत होती. पेला रिकामा. मी त्या पांढऱ्या उन्हात अनवाणी फाटकापर्यंत धावलो. "नामदेवराव!" अशी हाकही मारली. तळवे पोळले.

साडेचारला रिक्षातून काका उतरले. घरात न जाता ओट्यावरच थांबले.

"आला होता काय?"

"आले होते," मी म्हणालो.

"लगेच उघडलं ना? पहिल्याच खेपेले?"

वर्गात पोरं खोटं बोलली की मी त्यांच्या डोळ्यांत बघतो. त्या दिवशी काकांच्या हिरव्या पट्टीकडे बघत मी म्हणालो, "पहिल्याच खेपेला, काका."

"बसला?"

"बसले. पन्हं प्यायले."

काकांनी भिंतीला हात लावला आणि हळूच खाली बसले, त्या उजव्या कोपऱ्यात. इतक्या वर्षांत त्यांना तिथे बसलेलं मी पाहिलं नव्हतं. कूलरचा झोत थेट त्यांच्या तोंडावर येत होता.

"मास्तर," त्यांनी विचारलं, "रागावला तं नव्हता ना गा?"

"नाही काका. अजिबात नाही."

त्या रात्री काकांनी कूलर फिरवून घरात घेतला. आता ते दुपारी आत गार हवेत झोपतात, घोरतात. भिंतीतून ऐकू येतं. नलू म्हणते, बरं झालं, म्हातारा सुटला.

आमचा कूलर मात्र मी दोन ते चार बंद ठेवतो. "काहून बंद केला हो? जीव चालला उकाड्यानं," नलू ओरडते. मी आमच्या दाराला पाठ लावून बसतो. त्या दिवशी दुसऱ्यांदा कडी वाजली होती, हे मला आणि नामदेवरावांना, आम्हा दोघांनाच माहीत आहे.