जीपच्या व्हॉल्व्हचा मारेकरी

सई, ओम, पनवेलच्या आपल्या घरामागे राहणारे घरत मागच्या आठवड्यात गेले. तुम्हाला ते नुसते ‘ओरडणारे आजोबा’ म्हणून माहीत. मला त्यांचा राग अजून आहे, तोवरच लिहून टाकते. नंतर मी त्यांना उगाच देवमाणूस करून ठेवीन.

घरत कळंबोलीला ट्रक दुरुस्त करायचे. मोडलेला भाग हातात आला की मालकाला पहिला प्रश्न, “याला कोनी मारला?” मारेकरी सापडेपर्यंत नवा भाग बसवायचे नाहीत. गिऱ्हाईक ओरडो नाहीतर रडो, हे चहा पीत बसणार.

तेव्हा तुमच्या आजोबांना आठवड्यातून दोनदा डायलिसिसला न्यावं लागे. जीप मीच चालवायची. एका मंगळवारी ती धापा टाकत घरी आली आणि दारातच बंद पडली. घरतांनी इंजिनाचं हेड उतरवलं. आतल्या एका व्हॉल्व्हची कड कुणी चावा घेतल्यासारखी जळाली होती.

“नवा आणलाय,” मी म्हटलं. “बसवा. गुरुवारी यांना न्यायचंय.”

“नाय. कोनी मारला ते सांगा आदी.”

बुधवारी दुपारपर्यंत जीप अंगणात पोट फाडून पडलेली. घरत डिझेल हुंगत होते, फिल्टर झटकत होते, आणि मी तणतणत होते. मग एकदम म्हणाले, “बाई, गाडीचं टकटक कुटं गेलं?”

त्या आवाजानं माझं डोकं उठायचं. कामोठ्याच्या एका गॅरेजवाल्याकडून मी तो बंद करून घेतला होता. तसं मी ऐटीत सांगितलं.

“म्हंजे तुमीच मारलाय!” घरत कडाडले. “व्हॉल्व्ह तापला की लांब होतो. त्याला वाडायला फट ठेवतात, तीच टकटकते. तुमी फट मिटवली. मंग लांब झाला की तो भोकावर पुरता बसंल कसा? आग बाजूनं निसटते नि त्यालाच खाते. इंग्रजी शिकलेल्या ना तुमी?”

“माझ्यावर आवाज चढवू नका.”

“चढवनार! काल नवा बसवला असता तर तो पन जळला असता. कुटं? हायवेवर, साहेब आत बसलेले असताना!”

त्यांचं खरं होतं, म्हणून मला आणखीच राग आला.

संध्याकाळपर्यंत व्हॉल्व्ह बसला. मग घरतांनी फट मोजायची पोलादी पाती माझ्या हातात कोंबली. “आता तुमीच मोजायची, दुसऱ्याला सांगायचं नाय. पाती जायला पायजे, पन अडखळत.” मी फुरंगटूनच मोजली.

जीप सुरू झाली. टक टक टक. घरत बॉनेटवर हात ठेवून उभे राहिले.

“आमची बाय,” माझ्याकडे न बघता म्हणाले, “माजी गाडी नाक्यावर आली की हा आवाज ऐकून मासली तव्यावर टाकायची. हात धुवून बसलो की ताटात गरम तुकडा.”

बायको गेल्यावर त्यांनी गाडी विकली, हे मला माहीत होतं. का विकली, ते मी कधी विचारलं नव्हतं.

गुरुवारी आम्ही वेळेवर पोचलो. पुढे आजोबा होते तोवर रस्त्यात एकदाही थांबलो नाही. पाती घरतांनी परत मागितली नाही. दर काही महिन्यांनी, इंजिन गार असताना, मी फट मोजते. अजून बरोबर भरते.