दोन बरण्या, एक बाटली

बरण्यांची झाकणं लाल आणि निळी होती की लाल आणि हिरवी, याबद्दल आमच्या घरात आजही दोन मतं आहेत. दोन्ही माझीच आहेत. सकाळी मला निळं झाकण अगदी स्पष्ट दिसतं आणि दुपारची झोप झाली की तेच हिरवं होतं. ज्याने कॉलेजात उभी नोकरी संख्याशास्त्र शिकवलं, त्याने असं लिहिणं बरं नाही. पण वाचकांना ठणकावून काही सांगावं इतका आत्मविश्वास माझ्यात कधीच नव्हता. तूर्तास निळं धरून चालू. चुकलं असेल तर हिरवं समजावं.

त्या वर्षी माझ्या जुळ्या नाती चार वर्षांच्या होत्या. थोरली काही मिनिटांनीच मोठी, पण त्या मिनिटांचा अधिकार ती दिवसभर गाजवायची. दोघींची पोटं मात्र समान हक्काची होती. एकीचं बिघडलं की संध्याकाळपर्यंत दुसरीचंही बिघडायचं. त्यांचा बाप, म्हणजे आमचा मुलगा, बोटीवर इंजिनियर. पाण्याशी त्याचाही संबंध होता, पण खाऱ्या. त्यामुळे घरातल्या पाण्याचा प्रश्न आमच्यावर होता.

डॉक्टरांनी तिसऱ्यांदा "पाण्याकडे लक्ष द्या" म्हटलं, तेव्हा सूनबाईने जेवणाच्या टेबलावर शांतपणे जाहीर केलं, "या महिन्यात पुन्हा पोटं बिघडली, तर मी बदली मागते आणि मुलींना घेऊन आईकडे राहते. तिथलं पाणी चांगलं आहे."

मी हातातला घास ताटात परत ठेवला. घर म्हणजे त्या दोघींचा दंगा होता. तो गेला तर मागे मी, बायको आणि भिंतीवरचं घड्याळ उरणार होतं. आणि त्यातलं घड्याळच तेवढं वेळेवर बोलायचं.

"पाणी उकळलं की प्रश्न मिटला," बायको म्हणाली. "मी उद्यापासून उकळते."

"उकळल्यावर गार झालं का हे तुम्ही बोट बुडवून बघता, आई."

"माझं बोट स्वच्छ असतं."

"ते जंतूंना कोण सांगणार? त्यापेक्षा मी औषधाचे थेंब आणते. टाकले की झालं."

"आणि घराला पोहण्याच्या तलावाचा वास. छान."

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण समोर दोन मतं दिसली की माझ्यातला प्राध्यापक खडू शोधायला लागतो. मी म्हणालो, "आपण प्रयोग करू."

दोघींनी एकाच वेळी माझ्याकडे पाहिलं. त्या महिन्यात त्यांचं एकमत झालेला तो एकमेव क्षण.

प्रयोग साधा होता. काचेच्या दोन बरण्या. लाल झाकणाच्या बरणीत उकळलेलं पाणी, ते थोरलीला. निळ्या झाकणाच्या बरणीत थेंब टाकलेलं, ते धाकटीला. महिनाभरात कोणाचं पोट ठीक राहतं ते बघायचं. शास्त्राला आणखी एक गट लागतो, ज्याला काहीच द्यायचं नसतं. घरात मला काहीच न देण्याची सवय सगळ्यांना होतीच, म्हणून तो गट मी झालो. रोज सकाळी मी स्वतः एक मोठी काचेची बाटली नळाखाली धरून भरायची, माझ्या टेबलावर ठेवायची, फिरायला जायचं आणि परत आल्यावर दिवसभर तेच पाणी प्यायचं. माझ्या पोटाचं काय होईल, या विचाराने पहिल्या रात्री मला झोप लागली नाही. पण शास्त्रासाठी कोणीतरी पुढे व्हावंच लागतं.

तिसऱ्याच दिवशी स्वयंपाकघरात गेलो, तर बायको निळ्या बरणीतलं पाणी पातेल्यात ओतत होती.

"अगं, ती थेंबांची बरणी."

"असू दे. थोरलीला उकळलेलं आणि धाकटीला कच्चं? ती काय शेजाऱ्यांची आहे? उकळून परत ओतते. तिला सांगू नका."

मी सांगितलं नाही. त्याच संध्याकाळी सूनबाई ड्रॉपर घेऊन लाल बरणीवर वाकलेली दिसली.

"बाबा, एकीलाच संरक्षण द्यायचं हे माझ्यातल्या आईला पटत नाही," ती म्हणाली. "आईंना सांगू नका."

तेही सांगितलं नाही. अशा रीतीने दोन्ही बरण्यांत उकळलेलं आणि थेंब टाकलेलं एकच पाणी झालं. परीक्षेत दोन मुलांनी एकमेकांची उत्तरं उतरवावीत आणि सुपरव्हायझरने दोघांना रबर आणून द्यावं, तसं माझं झालं.

पण पोटं बिघडायची थांबली. एक आठवडा गेला, दुसरा गेला. मुली खात होत्या, खिदळत होत्या, एकमेकींचे केस ओढत होत्या. बायको पातेल्याकडे बघून हसायची, सूनबाई थेंबांच्या बाटलीकडे. मी मात्र वेगळ्याच काळजीत होतो. माझ्या टेबलावरची बाटली दुपारपर्यंत रिकामी होत होती, आणि ती आपण प्यालो हे मला आठवत नव्हतं.

माणूस नकळत इतकं पाणी पितो, याचे दोनच अर्थ. शुगर किंवा स्मृतिभ्रंश. (दोन्हीही असू शकतात, हे मला रिक्षात बसल्यावर सुचलं.) डॉक्टरांकडे गेलो.

"तहान फार लागते?" त्यांनी विचारलं.

"लागत नाही. पण पाणी संपतं."

"म्हणजे पिता."

"तसं दिसतं."

"आठवत नाही का?"

"डॉक्टर, मला आठवत नाही हे मला आठवतंय. यावर तुम्ही किती विश्वास ठेवाल?"

त्यांनी पेन खाली ठेवलं. "बरं, लघवीला वरचेवर जावं लागतं?"

"बेताचंच."

"मग पाणी जातं कुठे?"

"तेच विचारायला आलोय."

रक्ताचा रिपोर्ट नॉर्मल आला. डॉक्टरांनी तो उलटसुलट करून पाहिला. शेवटी म्हणाले, "बाटलीला भोक नाही ना?"

बाटलीला भोक नव्हतं. ते तपासून झाल्यावर मी वर्तमानपत्र उघडून त्यामागे दबा धरून बसलो. थोड्या वेळाने दोघी आपापले पेले घेऊन आल्या. थोरलीने दोन्ही पेले खिडकीतल्या कुंडीत ओतले. मग धाकटीने खुर्ची धरली, थोरली वर चढली आणि माझ्या बाटलीतून तिने दोन्ही पेले भरले. हात इतका सराईत होता की एक थेंबही सांडला नाही.

मी वर्तमानपत्र खाली केलं. "हे काय चाललंय?"

"झाडाला पाणी," थोरली म्हणाली.

"आणि ते पेल्यातलं?"

"आम्हाला पाणी," धाकटी म्हणाली.

"तुमचं तुम्ही का नाही पीत?"

"त्याला दवाखान्याचा वास येतो. तुझ्या पाण्याला कसलाच वास येत नाही, आजोबा."

"कधीपासून पिताय हे?"

"रोजच," थोरली म्हणाली आणि घटाघट पिऊन मोकळी झाली.

ज्या मुलींसाठी घरात एवढं रामायण झालं, त्या इतके दिवस नळाचं कच्चं पाणी पीत होत्या, आणि तेही मी भरलेलं. सूनबाईला सांगावं तर ती आजच सामान बांधेल. न सांगावं आणि पोटं बिघडली, तर उद्या बांधेल.

मी बाटलीत गुपचूप थेंब टाकले. मुलींनी हुंगून ती कुंडीला दिली. मग घरी कोणी नसताना पाणी उकळायला घेतलं. जंतू मेले असतील की नाही याची मला खात्री होईना, म्हणून आणखी उकळलं, आणि आणखी. शेवटी जंतूही उरले नाहीत आणि पाणीही. पातेलं काळं पडलं. पाणी करपवणारा माझ्यासारखा दुसरा कोणी असेल असं वाटत नाही.

हरलो आणि बायकोला सगळं सांगितलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती.

"पोटभर पितात ना?" ती म्हणाली. "पिऊ देत मग."

"अगं, पण ते नळाचं आहे."

"पातेलं तुम्ही घासणार आहात की मी?"

इतक्या वर्षांच्या माझ्या सहवासाने हिची विचारशक्ती गेली, असं मला वाटलं आणि वाईट वाटलं.

महिना संपला. कोणी शिंकलं तरी मी दचकत होतो, पण पोटं अभंग राहिली. सूनबाईने बदलीचा विषय काढला नाही. "थेंबांनी वाचवलं," असं तिने बोटीवर कळवलं. "उकळल्याने," असं बायकोने शेजारी कळवलं. खरं कारण मला एकट्यालाच माहीत होतं, निदान मला तसं वाटत होतं. थोडं कच्चं पाणी मुलांना कणखर करतं, आणि आमच्या घराण्याचं पोट मुळातच लोखंडी आहे, हा सिद्धांत मी पुढे अनेक वर्षं जपला. एकदा ज्येष्ठ नागरिकांच्या सभेत मांडलासुद्धा. त्यानंतर एक निवृत्त हेडमास्तर दोन आठवडे फिरायला आले नाहीत. मी त्याचं खापर हवेवर फोडलं.

मुली कॉलेजला बाहेर गेल्या, त्या वर्षीची गोष्ट. सकाळी नळाखाली बाटली भरून ठेवायची माझी सवय प्रयोगानंतरही सुटली नव्हती. सकाळी फिरायला निघालो आणि चष्मा राहिला म्हणून परत आलो. बायको माझी नुकतीच भरलेली बाटली मोरीत ओतत होती. मग तिने पातेल्यातलं, उकळून गार केलेलं पाणी तीत भरलं.

"हे काय करतेस?"

"रोज करते ते."

"रोज म्हणजे कधीपासून?"

"तुम्ही शास्त्रासाठी पुढे झालात तेव्हापासून. या वयात जुलाब झाले असते तर धावपळ कोणी केली असती?"

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही बाटली कपाटात कुलूप लावून ठेवली असती. मुली काय प्यायल्या असत्या?"

माझा विश्वास बसेना. एका व्यक्तीच्या सांगण्यावरून निष्कर्ष काढू नये, हे मी हजारो विद्यार्थ्यांना शिकवलं होतं. म्हणून तिच्या देखत नळाखाली पेला धरला आणि भरून प्यायलो. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत, संडासाच्या दाराआड बसल्या बसल्या, तिचं म्हणणं खरं असल्याची मला पूर्ण खात्री पटली.