चेंडू फुटेपर्यंतचा करार

असं समजा, की तुमच्या घराबाहेर एक लांबलचक गल्ली आहे. दुपारभर तिथून एखादीच सायकल जाते. दोन विटा ठेवल्या की झाला गोल! आणि त्या विटांमध्ये एक मुलगा उभा आहे, वडिलांचे वेल्डिंगचे हातमोजे कोपरापर्यंत चढवून. वरच्या गल्लीचा हा गोलकीपर. चेंडू त्याच्यावर आपटून मुकाट परत जायचा, म्हणून त्याला सगळे बुरूज म्हणत.

बुरूज राहायचा खालच्या गल्लीत. सुट्टी लागली तेव्हा वरच्या गल्लीच्या कप्तान मुलीने त्याला मागून आणलं होतं. कागदबिगद कोण करतो? दोघांनी चेंडूवर हात ठेवले आणि बुरूज म्हणाला, "हा चेंडू फुटेपर्यंत मी तुमचा."

तेव्हा चेंडू कोरा करकरीत होता. आता सुट्टी सरत आली होती आणि चेंडू गालफडं बसलेल्या म्हाताऱ्यासारखा दिसू लागला होता. रविवारी दोन गल्ल्यांचा शेवटचा सामना. खालच्या गल्लीचा कप्तान, ज्याला सगळे वकील म्हणत, रोज येऊन चेंडूची तब्येत विचारून जायचा.

कप्तानने आपल्या मामाला गाठलं. मामाचं जुन्या फर्निचरचं दुकान होतं.

"सौदा माझ्यावर सोड," मामा म्हणाला. "तीन पायांचं टेबल भिंतीला टेकवून विकलंय मी. हा वकील म्हणजे किस झाड की पत्ती!"

बेत असा होता, की मामाने बुरुजाला भरपूर नावं ठेवायची, म्हणजे वकिलाची हौस फिटेल. सुरुवात झकास झाली. पोरगं सुस्त आहे, मामा म्हणाला. पण समोर गिऱ्हाईक बसलं, की मामाची जीभ आपोआप वळायची.

"सुस्त म्हणजे जागचं हलत नाही. अस्सल सागवान! कुठेही ठोकून बघ, पोकळ आवाज यायचा नाही. असा माल हल्ली बनतच नाही."

कप्तानने मामाचा शर्ट ओढून ओढून खिशाची शिवण उसवली. मामा थांबेना. एका सामन्यापुरता बुरूज मागणारा वकील आता त्याला कायमचाच मागू लागला.

तेव्हा कुठे मामा भानावर आला. बरीच घासाघीस करून त्याने शब्द मिळवला, की चेंडू फुटेपर्यंत खालची गल्ली बुरुजाला हात लावणार नाही. वकील इतका समजूतदार, की निघताना त्याने हवा भरायचा आपला पंपही मामाच्या हाती दिला. "न्या, मामा. चेंडू फार बसलाय तुमचा."

"बघितलंस? माल राखला, वर पंप आणला!" मामा बाह्या सरसावून बसला.

"मामा, हळू भर रे. शिवण नाजूक झालीय."

"बाळ, वस्तू जरा खुलवावी लागते."

चेंडू फुगत गेला. कोरा असतानाही तो इतका गोल नव्हता. मामाला मोह आवरेना. आता एकच दट्ट्या, शोभेपुरता.

फाट्!

कौलांवरचे कावळे उडाले. कोपऱ्यावर वकील उभाच होता. पंप परत घ्यायला त्याने नुसता हात पुढे केला.

बुरूज हातमोजे काढू लागला. शब्द म्हणजे शब्द. कप्तानचे डोळे भरून आले. मग तिला सुचलं, की एवढ्या सौद्यात बुरुजाला कुणी काही विचारलंच नव्हतं.

"तुला जायचंय का रे तिकडे?"

बुरुजाने फुटका चेंडू पायाने ढकलला. "इकडे काय, तिकडे काय, विटांमध्येच उभं राहायचं. मला एकदा गोल मारायचाय."

गोल मारायची जागा कप्तानची होती. तिने नाक पुसलं आणि हात पुढे केला. "आण ते हातमोजे."

रविवारी मामाने नवा चेंडू आणला, अगदी काही न बोलता. आज त्या गल्लीत ओळीने गाड्या उभ्या असतात, पण तो सामना अजून डोळ्यांपुढे आहे. वरची गल्ली सडकून हरली. बुरुजाने मात्र एक गोल मारलाच. तो बघताच कप्तान विटा सोडून, काखेपर्यंत आलेले हातमोजे फडफडवत त्याच्याकडे धावत सुटली. मागे गोल मोकळा पडला होता. वकील नवा डाव सुरू करून चेंडू घेऊन निघालाही होता. कप्तानने मागे वळून बघितलं नाही.