टिपणीस ओव्हरसियरांची जीभ

टिपणीस ओव्हरसियर वाळू खायचे. थट्टा नाही, या डोळ्यांनी रोज पाहिलंय. पनवेलात सरकारी दवाखाना बांधायला काढला होता, तेव्हाची म्हणजे पन्नास सालच्या आसपासची गोष्ट. बैलगाडीतून वाळू आली की हा लुकडा, कोट-टोपीतला माणूस चिमूटभर वाळू जिभेवर ठेवायचा, डोळे मिटायचा आणि निकाल द्यायचा, "गोड. नदीची. उतरवा." नाहीतर थुंकून, "खारट. खाडीची. परत!"

खाडीच्या वाळूने भिंतीला लोणा लागतो, गिलावा गळतो, हे आम्हालाही ठाऊक होतं. पण एकदा गाडीवाल्याने वर नदीची आणि तळाशी खाडीची भरून आणली, तर ह्यांनी कोपरापर्यंत हात घालून तळातली चाखली! आपण तर बुवा त्या जिभेला मनोमन दंडवत घातला.

मी कंत्राटदार शेठचा साइटवरचा माणूस. 'काम चालू असताना कंत्राटदाराचा जबाबदार माणूस जागेवर हवा' हे करारातलं कलम टिपणिसांना संध्येसारखं पाठ. मी नुसता चहाला गेलो तरी हाक यायची, "म्हात्रे! जबाबदार माणूस कुठाय?" एकदा तर ऑर्डरबुकात माझ्या नावाने शेराच मारला. शेठने बजावलं, "अजून एक शेरा आला की तू घरी."

आणि नेमका पुढच्याच आठवड्यात, भर दुपारी, सासरवाडीहून, ओवे गावातून, मेव्हणा धावत आला. "दाजी, चला लवकर. ताई सकालपासून अडलीय. सुईन बोलते, माज्या हातचं नाय."

 भिंतीवर गवंडी, खाली माल कालवलेला. जावं तर नोकरी जाते, राहावं तर... टिपणिसांनी सगळं ऐकलं होतं. ते वाळूच्या ढिगाकडे गेले. सकाळीच पास केलेला ढीग! चिमूट जिभेवर ठेवली, डोळे मिटले.

"खारट," ते म्हणाले. "काम बंद. काम नाही तर माणूसही नको. म्हात्रे, पळा! आणि आधी डॉक्टरांना टांग्यात घाला."

तिसऱ्या दिवशी बर्फी घेऊन आलो. मुलगी झाली, दोघी सुखरूप. काम चालू होतं, त्याच वाळूचं. जबाबदार माणूस म्हणून खुद्द शेठ छत्री धरून उन्हात उभे. मी ऑर्डरबुक उघडलं. 'फेरतपासणीत वाळू गोड. चूक ओव्हरसियरची.' एवढ्या वर्षांच्या नोकरीत त्या माणसाने स्वतःच्या नावाने मारलेला हा पहिला शेरा. 

"रावसाहेब, हे कशाला..."

"आमच्या हिच्या वेळी मी पुलाच्या कामावर होतो," ते वहीकडे बघत म्हणाले. "निरोप आला होता. जागेवरून हललो नाही. घरी पोचलो तेव्हा ती नव्हती, मूलही नव्हतं."

 मी बर्फी पुढे केली. त्यांनी तुकडा जिभेवर ठेवला आणि सवयीने डोळे मिटले. भिंतीवरचे गवंडीसुद्धा थापी थांबवून बघत राहिले. पण निकाल काही येईना.