मानाच्या यादीस लागलेल्या व्हायरसाची हकीकत

विजेचा पुरवठा अखंड राखणारी जी कोणी देवता असेल तिचे स्मरण करून, शके एकोणीसशे सत्तेचाळीस, वैशाख शुद्ध दशमीस वर्तले ते ऐसे. संस्थानी दुसरे दिवशी राजकन्येचे लग्न होते, आणि एकशे बारा सरदारांत पंगतीस कोण कोणाच्या वर बसणार ही मानाची यादी पिढ्यान्‌पिढ्या तीच चालत येऊन दफ्तरदार नारो मल्हार पंत यांचे हवाली होती, आणि एक पाट मागेपुढे झाला तर तलवारी निघत आणि दफ्तरदाराची मान प्रथम जाई. दुसरा रिवाज ऐसा की आलेली लग्नपत्रिका उभे राहून तत्काळ उघडावी, न उघडणे हा अपमान. त्या सकाळी पंतांचे खिडकीछाप संगणकावर कोणा अनोळखी इसमाची पत्रिका आली, आणि व्हायरस अडवणारा प्रोग्राम दरवानासारखा लालबुंद होऊन ‘उघडू नका’ म्हणो लागला. पंत गरजले, “गाढवा, निमंत्रण अडवतोस?” मग दरवानास बंद करून, पगडी सावरून, उभे राहून पत्रिका उघडते झाले. आत वधू ना वर. व्हायरस निघाला आणि यादी गिळून बसला.

मग पंत जामदारखान्यात धावले, कारण एक नक्कल तेथे होती. तेथील रखमाजीराव सफरचंदछाप यंत्र बाळगीत आणि मिशीस पीळ देत.

“पंत, आमच्या यंत्रास व्हायरस शिवत नाही. सोवळ्यातले आहे.”

“म्हणजे पत्रिका आली नाही?”

“आली की! काय सुबक होती! पासवर्ड मागितला, तो दिला.”

यादी गेली. मग पंत तोफखान्यात पोचले, तेथे दुसरी नक्कल. भागूबाई काळ्या पडद्यावर हुकूम लिहून पेंग्विनछाप यंत्र चालवीत.

“आमच्यात परक्यास काही उघडण्याचा अखत्यारच नसतो, पंत.”

“आणि आपणांस, बाई?”

“मला सगळाच. घडोघडी परवानगी कोण मागत बसणार?”

“पत्रिका…?”

“उभी राहूनच उघडली. रिवाज मोडीन काय!”

(येथे हकीकतीच्या दोन ओळी व्हायरसाने खाल्ल्या.)

आणि पंत पायरीवर मान चाचपीत बसले असता सरदार हैबतराव तेथून जाता जाता खेकसले, “काय हो, उद्याही त्या खंडोजीस माझ्या वर बसवणार ना? बारा वर्षांमागे बसवलात! श्रीखंड वाढीत होते तेव्हा!” तो पंत ताडकन उठले, हैबतरावांचे पाय धरले, आणि घरोघर जाऊन प्रत्येकास एकच पुसते झाले, “मागील लग्नी आपल्या वर कोण बसला होता?” आणि प्रत्येकाने नाव सांगितले, शिवी घातली, आणि त्या वेळी कोणता पदार्थ वाढीत होते तेही सांगितले. मग पंतांनी एकाच्या वर एक नावे ओवीत नेली आणि एकशे अकरा रुसव्यांची माळ पुरी केली. राहिले वृद्ध अंबरराव. ते सुपारी कातरीत म्हणाले, “माझी बुवा काही तक्रार नाही.” पंतांनी त्यांस पहिल्या पाटावर लिहिले.

तात्पर्य, यंत्रे तीन जातींची, उघडणारे हात एकाच जातीचे. लग्न लागले, तलवारी म्यानात राहिल्या, मान धडावर राहिली. आणि सर्व तक्रारी सरदारांपाशी पुढील लग्नाकरिता शाबूत आहेत. बोरूने लिहिले, खोडाखोड माफ असावी.