पाचव्या मजल्यावरचा मुख्तार

शौकत दारात कागद घेऊन उभा होता आणि वासुदेवला नाही म्हणता येईना. शारजातल्या त्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर नुकताच राहायला आलेला हा तुर्की माणूस इमारतीचा मुख्तार शोधत होता. त्याच्या देशात खेडं असो की मोहल्ला, मुख्तार असतोच आणि अमका इथेच राहतो असा दाखला तोच शिक्का मारून देतो. आपल्याकडच्या पाटलासारखा कुणीतरी, असा वासुदेवने अर्थ लावला. भिडेखातर त्याने सही केली आणि घरात होता तो शिक्का मारला. तो गणेशोत्सव समितीचा होता.

शौकतच्या मुलीच्या शाळेत दाखला चालला, तसा त्याने मजल्यामजल्यावर डंका पिटला. लगेच चौथ्या मजल्यावरची बिलकीस आली. अकरा दिवस लिफ्ट बंद होती आणि गुडघे धरून तिची सासू घरात अडकली होती. मुख्तारसाहेबांनी इमारतीच्या अरब मालकाला लिहावं, एवढंच तिचं मागणं. वासुदेवला साहेब म्हणणारं शारजात दुसरं कुणी नव्हतं. त्याने ‘ताबडतोब’ दोनदा घालून पत्र लिहिलं, खाली ‘मुख्तार’ म्हणून सही ठोकली आणि वर पुन्हा गणपतीचा शिक्का.

शुक्रवारी सकाळी मालक ते पत्र घेऊन स्वतः पाच जिने चढून आला. वासुदेवने दार उघडलं. जागा सोडायला लावली तर लेकीच्या ऐन परीक्षेत बिऱ्हाड कुठे हलवायचं?

“बाबा, यू आर सो डेड,” मिहिका पुटपुटली.

“मुख्तार अरबी शब्द है. तुर्की लोग हमसे लेके गया,” मालक धापा टाकत म्हणाला. “मतलब, चुना हुआ आदमी. तेरे को किसने चुना?”

जिन्यावर जमलेल्या बिऱ्हाडकरूंनी माना खाली घातल्या. शौकत तर बुटाची नाडी बांधू लागला.

वासुदेवची बायको सुमेधा हात पुसत बाहेर आली. “मैंने चुना है. सत्रह लड़के देखके.”

मालकाने तिच्याकडे पाहिलं, वासुदेवकडे पाहिलं आणि तो खो खो हसत सुटला. तेव्हा कुठे जिन्यावरचे हात भराभर वर झाले.

“खलास. मुख्तार पक्का,” म्हणत त्याने तिथूनच मेकॅनिकला फोन लावला. दुपारी लिफ्ट सुरू झाली आणि बिलकीसच्या सासूने वासुदेवला शेजारी उभं करूनच पहिली फेरी मारली.

घरी आल्यावर वासुदेवने हळूच विचारलं, “सतरा स्थळं बघितली होतीस?”

“सतरा कुठली? तुमचं पहिलंच. पुढची बघायचा कंटाळा आला.”

“म्हणजे बिनविरोध,” वासुदेव म्हणाला आणि खुर्चीत ऐसपैस बसला.