कानसेन आणि डब्याचं झाकण

आवाज चढला, उतरला, पुन्हा चढला. पण पडद्यावरची रेघ काही हलेना. कानसेन नावाचा पांढरा उंदीर पेटीत बसून निवांत मिशा साफ करत होता. आवाजाच्या चढ-उताराबरोबर त्याच्या मेंदूतून येणारी रेघही नाचते, हे संशोधक बाईंना आज परीक्षकांना दाखवायचं होतं. नाही नाचली, तर चार वर्षांच्या मेहनतीवर पाणी.

तीन महिने रोज तोच सूर ऐकून बिचारा पार कंटाळलाय, हे बाईंच्या डोक्यात आत्ता शिरत होतं.

"यंत्र बिघडलंय का?" विभागप्रमुख सरांनी आपल्या सपाट आवाजात विचारलं. बाईंच्या पाचावर धारण बसली.

तेवढ्यात फोन वाजला. सूर फोनवरूनच वाजत होते आणि फोन स्पीकरला जोडलेला होता. बाई फोन कापायला गेल्या आणि घाईघाईत उचलून बसल्या.

"अगं, डब्याचं झाकण कुठंय?" आईचा आवाज खोलीभर घुमला. "मागे निळं गेलं, आता हिरवं! झाकणं काय पाय फुटून जातात?"

रेघ उसळली. परीक्षक पुढे सरकले. "हा कुठला ध्वनी?"

"आई आहे, सर."

"थांबवू नका!"

"आई, बोलत राहा," बाई म्हणाल्या.

"तू मला बोलत राहा म्हणतेस? ताप आलाय का गं?"

"झाकणाबद्दल बोल. दहा वेळा, अगदी तसंच."

एकदाच आलेल्या निकालाला शास्त्रात कुणी विचारत नाही. आईला मात्र यात काहीच अवघड नव्हतं, सराव दांडगा होता. दहाही वेळा चढ तिथेच चढला, उतार तिथेच उतरला आणि रेघ इमानाने मागे नाचली.

"आता तुलनेला एक दुसरा आवाज हवा," परीक्षक म्हणाले. सर खाकरले आणि विभागाच्या प्रगतीवर बोलू लागले. रेघ आडवी झाली. दुसऱ्या मिनिटाला कानसेनही आडवा झाला.

"वा! याहून स्पष्ट फरक मी पाहिला नाही," म्हणत परीक्षकांनी सही केली.

सगळे गेल्यावर बाईंनी आईला खरं काय ते सांगून टाकलं.

"म्हणजे मी बोलले की त्याच्या डोक्यात काहीतरी हलतं?"

"हो, आई."

आई हळूच म्हणाली, "फोन त्याच्याकडे दे."

बाईंनी फोन पेटीपाशी धरला. कानसेन जागा झाला आणि कान टवकारून आपल्या दाण्यांच्या हिरव्या झाकणात बसून सगळं मन लावून ऐकू लागला.